ओढ्यापासून पन्नास पावलं लांब

नमस्कार ताई,

माझं वय ४७. काम हिशेब तपासण्याचं, म्हणजे दिवसभर बैठक. गेल्या वर्षी माझी झोप उडाली, बसल्या जागी छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी चिंतेचा विकार असल्याचं सांगितलं, औषध सुरू केलं आणि रोज चालायला जा म्हणाले. घरापासून जवळच दाट झाडी आहे, मधून एक ओढा वाहतो. तीन-चार महिने नुसता चालत होतो. मग एक दिवस लक्षात आलं, की आपण काहीतरी गुणगुणतोय. त्या दिवशी घरी आलो तो हलका होऊन. आता तर मी त्यासाठीच जातो.

आठवीत असताना समूहगीताच्या तालमीत बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.' त्यानंतर कुणासमोर मी गाण्यासाठी तोंड उघडलेलं नाही. म्हणून ओढ्याच्या अगदी काठाशी, पाणी दगडांवर आपटतं तिथे उभा राहून गातो. पाण्याच्या आवाजात माझं गाणं कुणाला ऐकू येत नाही.

अडचणी तीन आहेत. गेले नऊ दिवस घसा बसलाय. दुसरं, परवा वळणावर अचानक दोघंजण समोर आले आणि मी ओळ अर्धवट तोडून खोकल्याचं सोंग केलं. घरी येईपर्यंत कान तापलेले होते, पुढचे दोन दिवस गेलोच नाही. तिसरं म्हणजे, मला खरंच बरं वाटतंय की मी मनाची समजूत घालतोय? खरंच असेल, तर औषध कमी करता येईल का? बायको म्हणते, सरळ गाण्याचा क्लास लावा. मला क्लास नकोय. झाडीत जे मिळतं, तेवढंच हवंय.

— एक वाचक

* * *

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: 'पाण्याच्या आवाजात माझं गाणं कुणाला ऐकू येत नाही.' तुमचा घसा नेमका तिथे बसलाय. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही हे खरं, पण तुम्हालाही ऐकू येत नाही. आणि माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, की तो जोर लावतो. लावायचा नाही असं ठरवलं तरी लावतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं. बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज चढतो, गोंगाट थांबवला की उतरतो, आणि या चढउताराचा त्याला स्वतःला पत्ताही नसतो. आज याला लोंबार परिणाम म्हणतात. ओढ्याच्या काठी तुम्ही रोज अर्धा-पाऊण तास तो प्रयोग स्वतःवर करत होतात.

म्हणजे झालंय असं: लाजेपोटी तुम्ही पाण्याजवळ गेलात, पाण्यापायी आवाज चढवलात, आणि चढवलेल्या आवाजाने घसा धरला. घसा आणि लाज या तुम्हाला दोन अडचणी वाटताहेत, मला एकच दिसते.

त्यात उघड्यावर गाताना आणखी एक गोष्ट घडते, ती फारसं कुणी सांगत नाही. घरात, विशेषतः न्हाणीघरात, आवाज भिंतींवरून लगेच परत येतो. म्हणून तो भरलेला, गोलसर वाटतो आणि गाणारा खूश होतो. उघड्यावर गेलेला आवाज गेलाच. गळा तोच, सूर तोच, पण कानाला तो पातळ, एकटा, पोरका वाटतो. अशा वेळी भले भले गायकही ताण द्यायला लागतात. मी स्वतः ही चूक केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी गाणं शिकणाऱ्या मुलांना घेऊन मी एका धबधब्यापाशी गेले होते. वातावरण असं होतं, की आम्ही सगळे तासभर गात राहिलो. थकल्याचं कुणालाच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांचे आवाज घोगरे झाले होते आणि माझा तर चार दिवस निघतच नव्हता. मुलांचे गळे ज्यांनी सांभाळायचे, त्यांच्याकडूनच हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला इतकं पोटतिडकीने सांगतेय.

आता लपण्याचं बघू. तुम्ही हिशेब तपासणारे, तेव्हा हाही तपासा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं, की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. तुमचं हलकं गुणगुणणं तोंडापासून १ मीटरवर ५५ डेसिबल आहे असं धरा. २ मीटरवर ते ४९ होईल, ४ मीटरवर ४३, ८ मीटरवर ३७ आणि १६ मीटरवर ३१. म्हणजे वीस-बावीस पावलांवर तुमचं गाणं कुजबुजीएवढं उरतं. मधे झाडोरा आहे, जमिनीवर पाला आहे, तो आणखी शोषून घेतो. थोडक्यात, लपायला ओढ्याची गरजच नाही. हळू गायलात की जंगल तुम्हाला आपोआप पोटात घेतं. उलट ओढ्याकाठी तुम्ही इतका आवाज चढवत होतात, की त्यातला थोडाफार पाण्यावरून वाटेपर्यंत पोचलाही असेल.

तेव्हा पहिलं काम: ओढ्यापासून पन्नास पावलं लांब या. पन्नास म्हणजे काही जादूचा आकडा नाही. चालताना पायाखालचा पाला चुरचुरलेला स्वतःला स्पष्ट ऐकू आला, की ती जागा गाण्याजोगी. ऐकू येत नसेल तर आणखी पुढे चला.

पण आज नाही. आज घसा बसलेला आहे आणि बसलेल्या घशाने गाऊ नये, गुणगुणूही नये. स्वरतंतू म्हणजे घशातल्या दोन नाजूक पट्ट्या. पुरुष साधं बोलतो तेव्हा त्या सेकंदाला सव्वाशेच्या आसपास वेळा एकमेकींवर येतात, वरच्या पट्टीत गाताना त्याहून किती तरी जास्त. जोर लावला की त्या नुसत्या भेटत नाहीत, आदळतात आणि सुजतात. सुजलेल्या पट्ट्यांना विश्रांती लागते. तीन-चार दिवस कामापुरतंच बोला. कुजबुजत बोलणं हा त्यावर उपाय नाही, जोर लावून कुजबुजताना पुष्कळांचा घसा उलट जास्त आवळला जातो. सारखं खाकरून घसा साफ करायची सवय लागली असेल तर ती मोडा. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, कारण गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही. अंगात मुरून मगच त्यांना ओलावा मिळतो, म्हणजे झाडीत जायच्या आधी घटाघटा प्यायल्याने काही साधत नाही. साध्या पाण्याची वाफ घेतलीत तर आराम पडतो.

नऊ दिवस झालेच आहेत. एकूण तीन आठवडे झाले आणि आवाज अजून खुलला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, चालढकल करू नका. गिळताना दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर तीन आठवडेही थांबायचं नाही. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर लगेच जा. पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवते.

आवाज मोकळा झाला, की पुन्हा सुरुवात करायची ती ओठ मिटून. पहिला आठवडाभर फक्त गुणगुणणं, शब्द नाहीत. ओठ हलके टेकलेले, दात एकमेकांपासून सुटे, जीभ सैल. ओठांवर आणि नाकाच्या बाजूंना बारीक गुदगुल्या झाल्या पाहिजेत. त्या होत असतील तर आवाज योग्य जागी आहे. घशात खरखर जाणवत असेल तर पट्टी खाली आणा. गुणगुणताना हवा नाकातून जाते आणि तिच्या थरथरीने नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवाही हलते. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं तेव्हा नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड वायूचं प्रमाण पंधरापट निघालं. याने आजार बरे होतात असा अर्थ कुणी काढू नये. पण इतक्या हलक्या आवाजानेही शरीरात केवढी हालचाल होते, हे त्यातून कळतं. मोठ्याने गायलं तरच गाणं, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडायला याची मदत होईल.

चालता चालता गुणगुणायचं असेल तर पावलांशी जोडा. सपाटीवर चार पावलं नाकाने श्वास आत, मग आठ पावलं एक लांब सूर. जमेल तसं हे आठाचं दहा होईल. ओढूनताणून करू नका. श्वास पूर्ण संपेपर्यंत सूर ताणला, की पुढचा श्वास हपापून घ्यावा लागतो आणि खांदे वर येतात. थोडा श्वास शिल्लक असतानाच सूर सोडा. चढावर गप्प राहा, चढ हा फक्त श्वासाचा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर खाली बसा आणि नेहमीसारखा श्वास घ्या, फार खोल श्वास भराभरा घेतले की तसं होतं. तुम्हाला धडधडीचा त्रास आहे, म्हणून हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्या गरगरण्याला घाबरून 'पुन्हा सुरू झालं' असं मनात आणू नका.

उभं राहून गायचं असेल तर जागा निवडा. समोर दोन-चार मीटरवर एखादा खडक, मातीची उभी कड किंवा जुनं जाड खोड असेल, तर आवाज थोडा तरी परत येतो. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला समोरची भिंत निदान १७ मीटर लांब असावी लागते. त्याहून जवळचा परतलेला आवाज गाण्यातच मिसळतो आणि कुणी पाठीवर हात ठेवावा तसा आधार देतो. असं काही नसेल, तर तळहाताचा द्रोण करून कानामागे धरा. गाणारी माणसं कानाशी हात नेतात ती काही ऐट म्हणून नाही, आपलाच आवाज आपल्यापर्यंत यावा म्हणून. तुम्ही इतकी वर्षं गाण्याच्या नावाने कानाला हात लावलात, आता गाण्यासाठी लावा.

वारा पाठीवर किंवा बाजूने घ्या. समोरून आलेला थंड, कोरडा वारा उघड्या तोंडात शिरला की घसा सुकतो. आणि दोन ओळींच्या मधला श्वास शक्यतो नाकाने. नाकातून गेलेली हवा ओलसर आणि कोमट होऊन खाली उतरते.

दुसऱ्या आठवड्यापासून गाणं घ्या. तोंडपाठ असलेलं, लहान पल्ल्याचं, खूप वर खूप खाली न जाणारं. नवीन गाणं नको, कारण शब्द आठवण्यात मन गुंतलं की पुन्हा तुमचं दिवसभराचं कामच सुरू झालं. पट्टी तुमची. मूळ गाणाऱ्याच्या पट्टीत गायचा अट्टहास करू नका. बहुतेकांचे सूर बिघडतात ते परक्या पट्टीमुळे.

इथे मला तुमच्या बाईंकडे वळावं लागेल. आठवीत म्हणजे तुम्ही तेरा-चौदा वर्षांचे. त्या वयात मुलाचं स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. ही उतरण सरळ नसते. महिनोन् महिने आवाज मधेच फाटतो, घसरतो, कालपर्यंत लागणारा सूर आज लागत नाही. समूहगीत बहुधा मुलींना आणि लहान मुलांना सोयीच्या पट्टीत बसवलेलं असणार. त्या पट्टीत तुमचा आवाज चुकला नसता तरच नवल. बाईंना जे ऐकू आलं, तो बहुधा फुटणारा आवाज होता. जन्मतःच सूर ओळखता न येणारी माणसं असतात, पण ती शंभरात फार तर चार. आणि तुम्ही त्यांच्यातले असाल असं मला वाटत नाही. ज्याला सूर कळत नाही तो झाडीत एकटा असताना आपणहून गुणगुणायला लागेल, असं मला तरी वाटत नाही.

बाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. कार्यक्रम तोंडावर आलेला असेल, गाणं बसत नसेल. पण एका तालमीपुरतं सांगितलेलं वाक्य तुम्ही तेहतीस वर्षं पाळलंत. एवढ्या आज्ञाधारक मुलाला त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावून ऐकायला हवं होतं. मी शिक्षक आहे, म्हणून हे बोलण्याचा हक्क घेते: मुलाला गप्प बसवणं सोपं असतं, मग त्याला पुन्हा गायला बोलावणं हे आपलंच काम असतं, आणि तेच आपण विसरतो.

समोरून माणसं आली तर काय करायचं? ओळ पुरी करायची. एवढंच. आवाज हवा तर निम्मा करा, पण ओळ मधेच तोडू नका. सूर मधेच तोडला की श्वास छातीत अडकतो, पोट आवळतं, खांदे ताठ होतात. शरीराला ती धोक्याची खूण वाटते, आणि मग कान तापणं, धडधड, सगळं मागोमाग येतं. ओळीच्या शेवटापर्यंत श्वास बाहेर जात राहिला तर तो झटका बसत नाही. ओळ संपली की त्यांच्याकडे बघून मान हलवा आणि चालू लागा. ते दोघंजण चार पावलं गेल्यावर स्वतःच्या बोलण्यात गुंतले असतील. फार तर त्यांच्यापैकी एकजण पुढच्या वळणावर तेच गाणं गुणगुणत असेल. असं होतं, मी पाहिलंय.

आता तिसरा प्रश्न, मनाची समजूत का? नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूतून निघून गळ्यावरून छाती-पोटात उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. गाताना काय होतं? श्वास पटकन आत आणि खूप सावकाश बाहेर. प्रत्येक लांब ओळ म्हणजे हृदयाला मंदावण्यासाठी मिळालेली उसंत. गोटेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विक्हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एकत्र गाणाऱ्या तरुणांचे ठोके मोजले, तर गाण्याच्या ओळींबरोबर सगळ्यांचे ठोके जवळजवळ एकदमच वाढत आणि मंदावत होते. वेल्समध्ये कर्करोगाशी संबंधित माणसांसाठी, म्हणजे रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि ज्यांचं माणूस गेलं अशांसाठी, गायनवृंद आहेत. तिथल्या १९३ जणांची लाळ गाण्याच्या आधी आणि नंतर तपासली, तेव्हा तासाभराच्या गाण्यानंतर ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल कमी झालेलं दिसलं. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि झाडीचं? स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली ३८ जणांवर एक प्रयोग झाला. काहींना दीड तास गवताळ, झाडं असलेल्या वाटेने चालायला लावलं, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडीतून आलेल्यांचं त्याच त्या विचारांचं रवंथ कमी झालं होतं आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा रवंथाशी संबंध आहे, तो भागही शांत दिसला. रस्त्याने गेलेल्यांत तसा फरक नव्हता. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ मधल्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ती १२० मिनिटं एकदम असोत की तुकड्या-तुकड्यांनी, त्याने फरक पडला नाही.

गाणं एकीकडे, झाडी दुसरीकडे. दोन्हींची गाठ तुमच्या बाबतीत का बसली, याबद्दलचं माझं मत सांगते. चिंतेत माणूस मनातल्या मनात सतत बोलत असतो. चालताना पाय गुंतलेले असतात, पण ती आतली बडबड मोकळीच असते. शब्द आणि सूर सुरू झाले की बडबडीची जागाच व्यापली जाते. एका तोंडाने 'उद्या काय होईल' आणि गाण्याची ओळ, दोन्ही एकदम म्हणता येत नाही. तीन-चार महिने नुसते चाललात तेव्हा जे अर्धं हाती आलं होतं, ते गुणगुणल्यावर पुरं झालं, ते बहुधा यामुळे.

पण औषध कमी करायचं नाही. स्वतःच्या मनाने अजिबात नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. चिंतेवरची काही औषधं अचानक थांबवली की झोप उडते, धडधड होते, अस्वस्थ वाटतं. म्हणजे मूळ आजाराचीच लक्षणं. माणसाला वाटतं रोग उलटला, आणि खरं तर ते औषध तुटल्याचं असतं. औषध उतरवायचं तर डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात. तुम्ही एक करा. एका वहीत रोज तीन नोंदी ठेवा: किती तास झोपलात, धडधड किती वेळा झाली, त्या दिवशी झाडीत किती मिनिटं होतात. दीड-दोन महिन्यांची वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा आणि हाच प्रश्न त्यांना विचारा. गाण्याचंही सांगा. लाजू नका, त्यांना ते ऐकून आनंदच होईल.

जाता जाता पाखरांचं. पहाटे हवा स्थिर असते आणि जमिनीलगत थंड थर असतो, म्हणून आवाज दुपारपेक्षा लांब जातो. हे पाखरांच्या पथ्यावर पडतं. पहाटेचं त्यांचं गाणं म्हणजे जागेची राखण आणि जोडीदाराला साद. लोंबार परिणाम त्यांच्यातही आहे: बर्लिनमधल्या गोंगाटाच्या जागी राहणारे नाइटिंगेल पक्षी शांत जागी राहणाऱ्यांपेक्षा मोठ्याने गातात, असं २००४ मध्ये मोजून दाखवलं गेलं. आपल्यामुळे कुणाला आवाज चढवावा लागू नये. सूर्योदयाच्या आसपास गेलात तर पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका. विणीच्या दिवसांत एखादा पक्षी जवळच्या फांदीवर येऊन एकसारखा चिडका आवाज काढत असेल, तर तिथे घरटं आहे. गाणं थांबवा आणि पुढे जा. फोनवर सूर लावून जंगलात सोडू नका. मोकळ्या गळ्याने हळू गाणारा माणूस सहसा कुणाला त्रास देत नाही, स्पीकर देतो.

क्लासबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. सध्या नको. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून कुणीतरी तुमचं गाणं ऐकून चूक-बरोबर सांगणार, आणि ते सांगणं ऐकायला तुमचं मन अजून तयार नाही. झाडी काही सांगत नाही, म्हणूनच तुमचा गळा तिथे उघडला. वर्षभराने स्वतःहून वाटलं तर जा, आणि पहिल्याच भेटीत शिक्षकांना आठवीतली गोष्ट सांगा. चांगले असतील तर तिथपासूनच सुरू करतील.

पण बायकोच्या बोलण्यात मला क्लासपेक्षा वेगळंही काही ऐकू येतंय. तुम्ही गाता हे त्यांना कळलंय आणि त्यांनी ते कधीच ऐकलेलं नाही. घसा बरा झाल्यावर, गुणगुणण्याचा आठवडा पुरा करून, एखाद्या दिवशी त्यांना सोबत न्या. त्यांच्याकडे तोंड करून गाऊ नका, ते जड जाईल. वाट अरुंद असेल तिथे तुम्ही पुढे व्हा, त्या मागे असू द्या, आणि परवा जी ओळ तुटली ना, तिथून सुरू करा.